मोडलेली हांसडी आणि तिचा आधार

मार्गशीर्ष महिन्याची अमावस्या आमच्या रेणापूरच्या बाजूस मोठ्या आवडीनें पाळतात. पुस्तकांत तिला वेळ अमावस्या म्हणतात. आमच्या शिवारांत ती यळवस. त्या दिवशीं गांव ओस पडतें आणि शेतें माणसांनीं भरून जातात. ज्वारीच्या उभ्या पिकांत कडब्याची खोप, तिच्यापुढें भज्जी-आंबिलीचा नैवेद्य, आणि झाडाझाडाला मुलांसाठीं बांधलेले झोके, असा तो देखावा असतो.

कांहीं वर्षांपूर्वींच्या अशाच एका यळवशीस आमच्या शाळेंतील दहावीचा एक विद्यार्थी चिंचेच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावरून उजव्या खांद्यावर पडला. पडल्यावर तो रडला नाहीं. त्यानें डाव्या हातानें उजवें कोपर खालून उचलून धरलें, मान उजव्या खांद्याकडे कलती केली, आणि तसाच तो मातींत बसून राहिला. कोणी हात सोडावयास सांगितलें कीं तो ओरडे. त्याच्या त्या बसण्याकडे त्या वेळीं कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. वाचकांनीं मात्र तें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

घरच्या वडील मंडळींनीं त्याला त्याच सायंकाळीं एका हाडवैद्याकडे नेलें. त्यानें तेल लावून खांदा चोळला, वर आलेलें हाड अंगठ्यानें दाबून "बसविलें", आणि दोन्ही काखांतून कापडी पट्टा घेऊन तो पाठीवर घट्ट आवळून बांधला. मध्यरात्रीं मुलाच्या हाताला मुंग्या येऊं लागल्या व बोटें थंड पडलीं. आईनें भिऊन पट्टा सैल केला, तेव्हां कोठें त्याला झोंप लागली. दुसऱ्या दिवशीं सकाळींच त्याचे वडील माझ्या दारीं उभे राहिले.

"सर, लातूरला दुकानात खांद्याचा पट्टा मिळतो म्हणतेत, हाड जाग्यावर बसिवणारा. कोणता घ्यावं तेवढं सांगा. पैशाचं आम्ही बघू. मार्चात लेकराची परीक्षा हाय."

खरें सांगावयाचें तर मलाहि त्या वेळीं असेंच वाटत होतें कीं, जितका पट्टा घट्ट व महाग तितकें हाड चांगलें बसत असेल. पट्ट्याचें नांव सांगण्याऐवजीं मीं त्या दोघांना डॉक्टरांकडे नेलें, एवढेंच शहाणपण माझ्या हातून घडलें. डॉक्टरांनीं आधीं मनगटाची नाडी पाहिली, बोटें पसरावयास व अंगठा हलवावयास सांगितलें, छातीला नळी लावून श्वास ऐकला, आणि मग एक्स-रे काढविला. हांसडी मधोमध मोडली होती. तिचे दोन तुकडे एकमेकांवर किंचित् चढले होते. डॉक्टरांनीं तो काखेंतील पट्टा कातरून टाकला आणि हात एका साध्या कापडी झोळींत ठेवून ती गळ्यांत अडकविली.

वडिलांचा चेहरा उतरला. "डॉक्टरसाहेब, एवढं हाड मोडलंय, अन् नुसती झोळी?"

"बाबा," डॉक्टर म्हणाले, "हाड जोडायचं काम पट्ट्याचं नाही, ते शरीराचं. पट्ट्यानं फक्त हाताचं ओझं उचलायचं."

त्या एका वाक्याचा अर्थ मला नीट समजावा म्हणून मीं पुढें जें वाचलें व विचारलें, तें पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडावें अशा हेतूनें येथें मांडीत आहें.

हांसडी म्हणजे गळ्याच्या खालीं, छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोंकापर्यंत आडवें गेलेलें हाड. जुन्या बायका गळ्यांत हांसळी नांवाचा चांदीचा दागिना घालीत. तो जेथें टेकतो तेथेंच हें हाड बोटाला लागतें. सुश्रुतानें त्यास अक्षक म्हटलें आहे. डॉक्टर ज्या लॅटिन नांवानें त्याला ओळखतात त्याचा अर्थ "लहान किल्ली" असा होतो. तें सरळ नसून इंग्रजी एस् अक्षराप्रमाणें दोनदां वळलेलें असतें. हाताला धडाशीं हाडाच्या सांध्यानें जोडणारा दुवा हाच काय तो एक. पाठीवरील फऱ्याचें हाड केवळ स्नायूंच्या आधारानें बरगड्यांवर सरकत असतें. म्हणून आपण खांद्यावर पडलों किंवा पडतांना हात पुढें टेकला, तरी तो धक्का या बारीकशा हाडावर येऊन पोंचतो. सायकल, मोटारसायकल, कुस्तीचा हौद, कबड्डीचें मैदान व झाडाची फांदी हीं हांसडी मोडण्याचीं नेहमींचीं ठिकाणें. मोडलेल्या दर शंभर हांसड्यांपैकीं सुमारें सत्तर ते ऐंशी मधल्या भागांतच मोडलेल्या आढळतात, कारण हाड तेथेंच वळतें व तेथेंच तें सर्वांत बारीक असतें.

या हाडाची आणखी एक मौज आहे. गर्भामध्यें सर्वांच्या आधीं ज्याचें हाडांत रूपांतर होऊं लागतें तें हेंच, आणि सर्वांच्या शेवटीं ज्याची वाढ पुरी होते तेंहि हेंच. त्याचें छातीकडील टोंक वयाच्या सुमारें २२ ते २५ वर्षांपर्यंत पक्कें जुळत नाहीं. अर्थात् शाळेंतील मुलांमध्यें हें हाड अद्याप वाढतें असतें, आणि वाढतें हाड लवकर सांधतें. मोडलेल्या जागीं प्रथम रक्त सांखळतें, मग त्यांत मऊ गांठ तयार होते, ती हळूहळू कठीण बनते, आणि पुढें कित्येक महिने शरीर ती गांठ घांसून-पुसून पूर्वीच्या आकाराजवळ आणीत असतें. लहान मुलांत तीनचार आठवड्यांत, मोठ्या मुलांत चार ते आठ आठवड्यांत, आणि प्रौढांत सहा ते बारा आठवड्यांत हाड सामान्यतः धरतें.

आतां मोडलेले तुकडे जागेवरून कां हालतात तें पाहूं. मानेच्या बाजूचा एक मोठा स्नायु हांसडीच्या आंतल्या भागाला जोडलेला आहे. तो आंतील तुकड्यास वर ओढतो. बाहेरच्या तुकड्यावर खांदा व सबंध हात यांचें ओझें लोंबकळत असतें. म्हणून तो खालीं येतो. छातीचे स्नायु खांद्याला आंत ओढतात, त्यामुळें टोंकें एकमेकांवर चढतात. एका हाताचें वजन शरीराच्या वजनाच्या सुमारें विसाव्या हिश्शाइतकें असतें. ५० किलो वजनाच्या मुलाचा एक हात म्हणजे अडीच किलोंचें ओझें झालें. पाहणाराला मात्र कातडीखालीं वर आलेलें टोंक तेवढें दिसतें, आणि तेंच दाबून खालीं बसवावें असें त्याच्या मनांत येतें. वस्तुतः मुख्य दोष वर आलेल्या टोंकाचा नसून खालीं घसरलेल्या खांद्याचा असतो.

हें आजचें ज्ञान आहे असें कोणी समजूं नये. ग्रीक वैद्य हिपोक्रातिस याच्या नांवावर असलेल्या सांध्यांविषयींच्या ग्रंथांत, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं, हेंच लिहून ठेविलें आहे. वर आलेलें टोंक दाबणारे चुकतात. हात व खांदा वर उचलून धरावा, म्हणजे खालचा भाग वरच्या भागाजवळ येतो, असें तेथें सांगितलें आहे. त्याच ठिकाणीं एक मार्मिक निरीक्षणहि आहे. हांसडी मोडली कीं पहिल्या दिवसांत रोगी फार घाबरतो व वैद्यहि पट्ट्या बांधण्याची मोठी खटपट करतो. पुढें दुखणें कमी झालें कीं रोगी कंटाळून तिकडे दुर्लक्ष करतो, आणि हाड तेवढ्यांत आपलें आपण सांधून जातें.

त्याहूनहि जुना पुरावा मिसर देशांतील आहे. एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थानें १८६२ मध्यें लुक्सर येथें विकत घेतलेल्या एका लेखपटांत जखमांचीं व मोडलेल्या हाडांचीं ४८ उदाहरणें आहेत. तो पट इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० च्या काळांतला मानतात. त्यांतील पस्तिसावें उदाहरण हांसडीचें आहे. रोग्यास उताणें निजवावें, पाठीच्या दोन फऱ्यांमध्यें कांहीं घडी करून ठेवावें, खांदे मागें पसरावे, आणि मग तागाच्या कापडाचा आधार देऊन बांधावें, असा तेथील उपाय आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत पट्ट्यांचे निरनिराळे प्रकार नांवांसह दिले असून खांद्याचा सांधा निखळल्यास काखेंत मुसळ घालून तो उचलावा व स्वस्तिक नांवाच्या पट्टीनें बांधावा असें सांगितलें आहे.

पाठीवर फुली येणाऱ्या अशा बंधनांचाच आजचा वंशज म्हणजे दुकानांत मिळणारा "क्लॅव्हिकल बेल्ट". तो दोन्ही खांद्यांवरून काखेखालून जाऊन पाठीवर एकमेकांस छेदतो व इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखा दिसतो. आमच्या मराठी ८ सारखा नव्हे, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें. खांदे मागें ओढले म्हणजे एकमेकांवर चढलेले तुकडे लांब होऊन सरळ रेषेंत येतील, ही त्यामागील कल्पना. कल्पना ऐकावयास फार पटते. आणि म्हणूनच अनेक पिढ्या ती चालत आली.

परंतु पटणें निराळें आणि पडताळून पाहणें निराळें. १९८७ मध्यें डेन्मार्कमधील डॉक्टरांनीं हांसडी मोडलेल्या रोग्यांचे दोन गट केले; एका गटास हा आठाचा पट्टा दिला व दुसऱ्यास साधी झोळी. शेवटपर्यंत पाहिलेल्या सुमारें साठ रोग्यांत असें आढळलें कीं, हात पूर्ववत् कामाला येण्यांत व खांदा दिसण्यांत दोन्ही गटांत कांहींहि फरक नव्हता. आरंभीं तुकडे जसे सरकले होते तसेच ते दोन्ही गटांत जुळले. फरक एवढाच कीं, झोळीवाल्यांस त्रास कमी झाला. २०१५ मध्यें तुर्कस्थानांतील डॉक्टरांनीं केलेल्या अशाच एका तुलनेंतहि आठाच्या पट्ट्यानें आरंभींच्या दिवसांत वेदना अधिक होतात असें दिसून आलें. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठीं तो पट्टा आवळावयाचा, ती हाड जागेवर धरून ठेवण्याची गोष्टच त्याच्याकडून होत नाहीं.

उलट त्याचे दोष मात्र खरे आहेत. हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या व ज्ञानतंतू काखेंतून जातात. तेथें पट्टा रुतला तर हात सुजतो, मुंग्या येतात, बोटें बधिर होतात. आमच्या विद्यार्थ्यास त्या रात्रीं जें झालें तें हेंच. आमच्या मराठवाड्यांतील चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यांत घामानें काखेंतील कातडी सोलवटते तें निराळेंच. पट्टा वरचेवर सैल होतो, म्हणून तो पुनःपुन्हां आवळावा लागतो, आणि हें काम घरचीं माणसें अंदाजानें करीत बसतात. तथापि कित्येक चांगले डॉक्टर कांहीं रोग्यांना हा पट्टा अद्याप देतात. त्यांनीं दिला असेल तर तो आपल्या मनानें फेंकून देऊं नये. बोटें उबदार व गुलाबी आहेत ना, काखेंत दोन बोटें सहज शिरतात ना, एवढें सकाळ-संध्याकाळ पाहावें, आणि मुंग्या आल्यास पट्टा सैल करून लागलीच डॉक्टरांस दाखवावें.

आतां दुकानांत गेल्यावर काय घ्यावें हा व्यवहाराचा प्रश्न. पहिला नियम असा कीं, हाड डॉक्टरांनीं पाहिल्यावांचून कोणताहि पट्टा घेऊं नये. खांदा दुखतो म्हणजे हांसडीच मोडली असें नाहीं. सांधा निखळलेला असूं शकतो, दंडाचें हाड मोडलेलें असूं शकतें, आणि त्यांचे आधार वेगळे आहेत. सांधा निखळल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर जो आधार देतात त्याला झोळीशिवाय कमरेभोंवतीं एक पट्टा असतो व तो हात धडाशीं बांधून टाकतो. साध्या मोडलेल्या हांसडीस त्याची सहसा जरूर नसते. आठाच्या पट्ट्यासारखेच दिसणारे "पाठ ताठ ठेवण्याचे" पट्टेहि त्याच कपाटांत टांगलेले असतात. नांवास भुलून ते घेऊं नयेत.

दुसरा नियम मापाचा. कोपर वांकवून, कोपराच्या टोंकापासून करंगळीच्या मुळापर्यंत अंतर मोजावें; झोळी त्या लांबीची हवी. ती आखूड असली तर मनगट लोंबतें. कोपर झोळीच्या मागच्या कोपऱ्यांत नीट बसलें पाहिजे, कारण सर्व भार तेथेंच पेलला जातो. हात कोपरापेक्षां किंचित् वर राहावा व बोटें मोकळीं असावीं. तिसरी गोष्ट गळ्यांतील पट्टीची: ती रुंद व मऊ असावी, आणि मोडलेल्या हाडावर तिचा दाब पडतां कामा नये. चौथी गोष्ट, कापड सुती किंवा जाळीदार व धुतां येण्याजोगें असावें. पांचवी, रोग्यास दुसऱ्या हातानें ती स्वतः काढतां-घालतां यावी. या पांच कसोट्यांस उतरली तर स्वस्त झोळी महागड्या पट्ट्याहून कमी नाहीं.

आणि दुकान जवळ नसेल तर घरचें कापडहि पुरतें. जर्मन शल्यचिकित्सक एस्मार्क यानें एकोणिसाव्या शतकांत ज्या त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला, ती म्हणजे सुमारें एक मीटर चौरस कापड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापून केलेला त्रिकोण; एका कापडांत दोन झोळ्या होतात. बालवीरांचा गळ्यांतील रुमालहि प्रसंगीं याच कामीं येतो. बांधण्याची रीत अशी: रोग्यास बसवावें. दुखरा हात छातीवर आडवा घेऊन पंजा दुसऱ्या खांद्याकडे वळवावा. त्रिकोणाचें एक टोंक चांगल्या खांद्यावर ठेवून कापड हातावरून खालीं सोडावें. त्रिकोणाचा मधला कोन दुखऱ्या कोपराच्या बाजूस यावा. आतां कापडाची खालची कड हाताच्या व कोपराच्या खालून आंत खोंचावी, खालचें टोंक पाठीवरून फिरवून चांगल्या खांद्यावर आणावें, आणि तेथें दोन्ही टोंकांची गांठ मारावी. कोपराजवळ उरलेलें कापड दुमडून टांचणीनें अडकवावें. या रीतीनें गांठ व भार दोन्ही चांगल्या खांद्यावर पडतात; मोडलेली बाजू मोकळी राहते. हाड चोळणें, दाबणें, किंवा तें "बसलें" कीं नाहीं हें पाहण्यासाठीं हात वर करावयास लावणें, यांपैकीं कांहींहि करूं नये.

झोळी घातली म्हणजे हात विसरून जावयाचा, असें मात्र नव्हे. पहिल्या दिवसापासून बोटें व मनगट हालवीत राहावें. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें दिवसांतून तीनचार वेळां झोळी काढून कोपर हळूच सरळ व वांकडें करावें. न केल्यास हाड जुळतें पण कोपर आंखडतें. पहिल्या कांहीं रात्री उशांना टेकून अर्धवट बसून झोंपल्यास दुखणें कमी होतें. सदरा घालतांना दुखरा हात आधीं बाहीत घालावा, काढतांना शेवटीं काढावा. दप्तर त्या खांद्यावर घेऊं नये. हात खांद्याच्या उंचीपलीकडे डॉक्टरांनीं सांगेपर्यंत नेऊं नये. दुखणें थांबलें म्हणजे हाड पक्कें झालें असें मुलें समजतात. ती चूक आहे. कुस्ती-कबड्डीचें मैदान, झोका व झाड यांची परवानगी डॉक्टरांनीं द्यावयाची, आणि तिला बहुधा दोन-तीन महिने लागतात. प्रौढांनीं त्या काळांत विडी-सिगारेट वर्ज्य करावी, कारण धूम्रपानानें हाड सांधण्यास विलंब लागतो. जुळलेल्या जागीं जो उंचवटा राहतो त्यास भिण्याचें कारण नाहीं. मुलांत तो महिन्यामहिन्यानें कमी होत जातो.

नवजात बालकाची हांसडी कधीं कधीं जन्माच्या वेळीं मोडते. तेव्हां कोणताहि पट्टा लागत नाहीं. अंगड्याची बाही छातीशीं टांचून ठेवली कीं सुमारें दोन आठवड्यांत तें हाड धरतें. मूल एक हात हालवीत नाहीं असें आईला दिसलें तर तिनें तें डॉक्टरांच्या नजरेस आणावें, म्हणजे झालें.

परंतु कांहीं प्रसंगीं झोळीवर विसंबून घरीं बसणें घातक असतें. हाडाचें टोंक कातडी फाडून बाहेर आलें असेल, किंवा कातडी तंबूसारखी ताणून पांढरी पडली असेल. हात थंड, निळा वा बधिर होत असेल. श्वास घेतांना किंवा गिळतांना त्रास होत असेल. गळ्याच्या मुळाशीं सूज भराभर वाढत असेल. तर क्षणाचाहि विलंब न लावतां मोठें रुग्णालय गांठावें. हांसडीच्या पाठीमागूनच हाताची मोठी धमनी व शीर जाते. इंग्लंडचे माजी मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील हे १८५० च्या जून महिन्यांत लंडनमध्यें घोड्यावरून पडले, त्यांची हांसडी मोडली, आणि तीन दिवसांनीं ते वारले. मोडलेल्या हाडानें आंतील रक्तवाहिनी फाटली असावी असें मानलें जातें. असें क्वचित् घडतें, पण घडतें. म्हणूनच डॉक्टर एक्स-रेच्या आधीं नाडी पाहतात. आमच्या रेणापूरला एका बाजूस लातूर व दुसऱ्या बाजूस अंबाजोगाई, अशीं दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत; तेव्हां उपचार दूर आहे ही सबब आज उरलेली नाहीं.

तुकडे फारच दूर गेले असतील किंवा हाड बरेंच आंखूड झालें असेल, तर डॉक्टर धातूची पट्टी बसविण्याची शस्त्रक्रिया सुचवितात. २००७ मध्यें कॅनडांतील डॉक्टरांनीं अशा प्रौढ रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया केलेल्यांत हाड न जुळण्याचे प्रसंग कमी आढळले. पण शस्त्रक्रियेस जखमेचा धोका असतो, आणि ती पट्टी पुढें काढावीहि लागूं शकते. म्हणून बहुतेक शाळकरी मुलांस तिची गरज पडत नाहीं. पट्टा कीं पट्टी हा निर्णय शेजाऱ्याच्या अनुभवावरून नव्हे, आपल्या मुलाच्या एक्स-रेवरून व्हावा.

आमच्या त्या विद्यार्थ्याची गोष्ट आतां पुरी करतों. त्याच्या वडिलांना पहिले आठ दिवस त्या झोळीचा भरंवसा वाटला नाहीं. ते रोज विचारीत, "सर, पट्टा आणूच का?" दुसऱ्या आठवड्यांत दुखणें उतरलें, तेव्हां डॉक्टरांनीं मुलाला कोपर अंगाशीं ठेवून टेबलावर लिहिण्याची मोकळीक दिली. तो प्रथम दहा ओळी लिही, मग एक पान, मग दोन. चौथ्या आठवड्यांत झोळी सुटली. मार्चमध्यें तो आपल्या उजव्या हातानें सर्व उत्तरपत्रिका लिहून आला. सदऱ्याच्या गळ्याशीं एक लहानसा उंचवटा तेवढा दिसत होता.

परीक्षेनंतर त्याचे वडील भेटले, तेव्हां मीं त्यांना यळवशीच्या दिवसाची आठवण दिली. झोक्यावरून पडल्याबरोबर मुलानें काय केलें होतें? डावा हात उजव्या कोपराखालीं घालून तें वर उचलून धरलें होतें. डॉक्टरांनीं झोळीनें जें केलें, हिपोक्रातिसाच्या ग्रंथांत जें सांगितलें, तेंच त्या मुलानें मातींत बसून, कोणी न शिकवितां केलें होतें. आम्ही मोठीं माणसें मात्र त्याचा तो हात सोडवून खांदा चोळावयास घेऊन गेलों.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लेकराला ठावं होतं की, सर."